अनाथाला घर आणि मंडळीचे कर्तव्य

'अनाथ' या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याला नाथ म्हणजे रक्षणकर्ता नाही तो' असा आहे. व्यवहारात मात्र आपण ज्याचे आईबाप वारले त्यालाच अनाथ म्हणतो, आणि येथेच आपल्या विचाराची पहिली गफलत होते. आईबाप निवर्तलेल्या एखाद्या मुलाला आजी असते, काका असतो, थोरली बहीण असते. त्यांनी त्याला पोटाशी धरले म्हणजे तो मुलगा अनाथ राहत नाही. उलट एखाद्याची आई जिवंत असूनही ती इतकी गांजलेली असते, की लेकराला दोन वेळा जेवू घालणे तिला अशक्य होते, आणि ते लेकरू खऱ्या अर्थाने अनाथ होते. प्रस्तुत लेखात आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे एवढाच विचार मांडणार आहो, की अशा मुलाला कोणती वस्तू द्यावी, आणि ती देण्यास ख्रिस्ती मंडळीने काय करावे.

प्रथम संख्येचा विचार करू. संयुक्त राष्ट्रांची 'युनिसेफ' ही संस्था आईबापांपैकी एकजण जरी मरण पावला तरी त्या मुलाची गणना अनाथांत करते. या हिशेबाने इ. स. २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती. त्यांपैकी आई व बाप दोघेही नाहीत अशी मुले सुमारे दीड कोटी होती. म्हणजे ज्यांना आपण अनाथ म्हणतो अशा दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ मुलांची आई किंवा बाप हयात आहे. आपल्या देशात इ. स. २०२० व २०२१ साली करोनाची साथ आली तेव्हाही हेच दिसून आले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांपेक्षा एक पालक गमावलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी होती. मग अशी मुले आश्रमांत व वसतिगृहांत का येतात? दारिद्र्य, आजारपण, आईचा पुनर्विवाह, कामासाठी सहासहा महिने परमुलखी जाणे, गावात पुढील शाळा नसणे, ही त्याची नित्याची कारणे होत. यांपैकी पुष्कळ कारणे अशी आहेत, की योग्य वेळी थोडे साहाय्य मिळाले असते तर मूल घरातून हललेच नसते.

हे वाचून आमच्या पूर्वीच्या पिढ्यांनी उभारलेल्या अनाथाश्रमांना आम्ही दूषण देतो असे कोणी समजू नये. तसे करणे कृतघ्नपणाचे होईल. ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर यांनी इ. स. १८३६ साली भाड्याच्या एका घरात थोड्या मुली घेऊन आपल्या कार्यास आरंभ केला, आणि इ. स. १८७० पर्यंत अॅश्ली डाउन येथे दोन हजारांवर मुलांची सोय होईल अशा पाच विशाल इमारती उभ्या केल्या. त्यांच्या चरित्राने पंडिता रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम केला. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी बसलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावास आणल्या. पुढे इ. स. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा मुक्तिसदनात आणखी शेकडो जणींची भर पडली. त्या वेळी गावेच्या गावे ओस पडली होती. त्या मुलींना परत पाठवावे असे घरच शिल्लक नव्हते. आग लागली असता माणसाला प्रथम बाहेर काढावे लागते, त्याची निजण्याची सोय मागाहून पाहतात. त्या काळच्या आश्रमांनी हेच केले.

परंतु आग विझल्यावरही माणसाने धर्मशाळेतच जन्म काढावा काय, हा प्रश्न राहतो. म्यूलर यांच्या संस्थेने स्वतःच त्याचे उत्तर दिले आहे. इ. स. १९५८ साली त्या संस्थेने अॅश्ली डाउनच्या प्रचंड इमारती सोडल्या आणि मुलांना लहान लहान घरांत कुटुंबाप्रमाणे ठेवण्याचा मार्ग पत्करला. जो वृक्ष एका काळी सर्व जगाने नमुना म्हणून पाहिला, त्यानेच आपली फांदी दुसऱ्या दिशेस वळविली.

असे का झाले याचे शास्त्रीय कारण विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. रुमानिया देशात इ. स. १९८९ मध्ये चाउसेस्कू यांची राजवट कोसळली, तेव्हा तेथील सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले आढळली. त्यांना अन्न, वस्त्र व छप्पर कमीअधिक मिळत होते. परंतु एका दाईकडे पुष्कळ तान्ही मुले असल्यामुळे रडणाऱ्याला उचलून घेणारे, हसणाऱ्याला हसून उत्तर देणारे असे एक ठराविक माणूस कोणाच्याच वाट्याला येत नव्हते. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्ट शहरातील बालगृहांमधील १३६ लहान मुलांचा अभ्यास आरंभिला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे मुलांचे दोन गट करून एका गटासाठी प्रतिपालक कुटुंबे शोधण्यात आली. दुसऱ्या गटाची नेहमीची व्यवस्था तशीच चालू राहिली. इ. स. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी बालगृहातील मुलांहून स्पष्टपणे अधिक वाढली होती, आणि जी मुले दोन वर्षांची होण्यापूर्वी कुटुंबात गेली त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला होता. रोपट्याला पाणी व खत लागते तसेच मुलाच्या मेंदूला त्याला ओळखणाऱ्या, त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाचा सहवास लागतो. हा सहवास पाळी बदलली की निघून जाणाऱ्या नोकराकडून मिळत नाही, मग तो नोकर कितीही भला असो.

शास्त्रज्ञांनी जे मोजून दाखविले त्याची उदाहरणे पवित्र शास्त्राच्या वाचकांस अपरिचित नाहीत. एस्तेरेचे आईबाप वारले तेव्हा तिच्या चुलत्याच्या मुलाने, मोर्दखयाने, तिला आपली कन्या मानून वाढविले. हे नातलगांनी केलेले संगोपन होय. योसेफाने मरियेच्या पुत्राला आपल्या घराचे छत्र दिले व संकट येताच त्याला घेऊन रात्रीतून मिसर देशाकडे पलायन केले. मोशेची कथा तर या विषयात फारच बोधप्रद आहे. फारोच्या कन्येला नदीत बाळ सापडले. ती राजकन्या होती. बाळाला एकदम राजवाड्यात नेणे तिला सहज शक्य होते. पण बाळाच्या बहिणीच्या सूचनेवरून तिने त्याला एका इब्री स्त्रीच्या स्वाधीन केले, आणि दूध पाजण्याबद्दल तिला वेतन देऊ केले. ती स्त्री म्हणजे बाळाची खरी आईच होती. देणगी राजवाड्यातून निघाली आणि आईच्या घरी पोहोचली. मंडळीच्या दानधर्माचा मार्ग कोणता असावा, हे याहून चांगल्या रीतीने सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आता आपल्या दानधर्माकडे पाहू. नाताळ जवळ आला म्हणजे आपण मिठाईचे पुडे व कपड्यांची गाठोडी घेऊन आश्रमात जातो, मुले ओळीने उभी राहतात, गाणे म्हणतात, आपण त्यांची छायाचित्रे काढतो व समाधानाने घरी येतो. त्याच वेळी आपल्याच मंडळीतील एखादी विधवा शेवटच्या बाकावर बसलेली असते. तिच्या घराचे भाडे थकलेले असते, आणि 'पोराला कोठे बोर्डिंगात घालता येईल का?' असे ती पाळकांना विचारीत असते. मूल आश्रमात ठेवण्यास जो खर्च होतो त्याचा एक अंश तिच्या हाती पडता तर तो प्रश्न तिने केलाच नसता. आपले द्रव्य मूल घराबाहेर पडल्यावर त्याच्या मागे धावते, ही गोष्ट आम्हांस अत्यंत खेदाची वाटते. सुटीत वसतिगृह रिकामे होते तेव्हा ज्याला न्यायला कोणी येत नाही असा एखादा मुलगा मागे राहतो. तो फाटकाकडे कसा पाहत असतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आमचे म्हणणे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

मुलाला घर देण्याचे चार मार्ग आहेत, व ते क्रमाने आजमवावेत. पहिला, त्याचे स्वतःचे घर मोडू न देणे. यास कायद्यात प्रायोजकत्व म्हणतात. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना याच प्रकारची असून तिची रक्कम इ. स. २०२३ साली दरमहा २२५० रुपये करण्यात आली. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या इ. स. २०२२ च्या सूचनांत दरमहा ४००० रुपये ठरविले आहेत. कित्येक मातांना या योजनांची वार्ताही नसते. दुसरा मार्ग, आजी, मामा, मावशी अशा नातलगांकडे मूल ठेवून त्यांना हातभार लावणे. तिसरा, प्रतिपालन, म्हणजे बालकल्याण समितीने पारखून निवडलेल्या परक्या कुटुंबात मुलाने काही काळ राहणे. चौथा, दत्तकविधान, यात मूल कायमचे त्या घराचे होते.

या चौथ्या मार्गासंबंधी ख्रिस्ती पालकांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. इ. स. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती दांपत्याला इ. स. १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक म्हणून नेमून घेता येई, आणि मूल वयात आले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे. बालन्यायाचा इ. स. २००० चा कायदा व त्यात इ. स. २००६ साली झालेली दुरुस्ती यांनी हा मार्ग सर्व धर्मीयांस खुला केला, आणि इ. स. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. सध्या इ. स. २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. तेव्हा 'आपल्या लोकांत दत्तक घेता येत नाही' ही समजूत आता टाकून द्यावी. मात्र दवाखान्यातून किंवा ओळखीच्या माणसाकडून परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे. पाळकांनीही अशा व्यवहारात कधी मध्यस्थी करू नये. एखादे मूल निराधार आढळल्यास १०९८ या दूरध्वनीवर कळवावे किंवा बालकल्याण समितीपुढे न्यावे, हाच सरळ मार्ग होय.

कोणी म्हणतील, 'परक्याचे रक्त घरात कसे आणावे? जातीपातीचा ठिकाणा नाही, पुढे काय होईल कोण जाणे!' त्यांना आम्ही पुण्याचेच उदाहरण देतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इ. स. १८७४ च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. इ. स. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला आपला वारस नेमले. हा यशवंत डॉक्टर झाला. इ. स. १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा त्याने रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच कामी आईने त्याला साथ देताना १० मार्च रोजी देह ठेवला. पोटच्या मुलाने याहून अधिक ते काय केले असते?

दुसरी शंका खर्चाची व श्रमांची असते, आणि ती खरी आहे. दुःख भोगलेले मूल घरात आल्याबरोबर गोड वागेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते अन्न लपवून ठेवील, रात्री दचकून उठेल, खोटेही बोलेल. एकटे कुटुंब अशा वेळी थकून जाते. म्हणूनच हे काम मंडळीचे आहे. दहा घरांपैकी एका घराने मूल घ्यावे व नऊ घरांनी त्या घराला सांभाळावे. एकाने दूध पुरवावे, एकाने वह्यापुस्तके, एकाने गणित शिकवावे, एकाने महिन्यातून एक दिवस मुलाला आपल्या घरी नेऊन त्या आईला विसावा द्यावा. कापणीच्या सणाच्या अर्पणातील एक भाग विधवांच्या घरभाड्यासाठी व शाळेच्या फीसाठी राखून ठेवावा. दोघांतिघांची एक समिती नेमून मंडळीत कोणते घर मोडण्याच्या बेतात आहे याचा शोध दर तिमाहीस घ्यावा, आणि सरकारी योजनांचे अर्ज त्या मातांना भरून द्यावेत. यांपैकी एकाही कामास इमारत लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही यात वाटा आहे. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याच्या आईबापांविषयी चारचौघांत चौकशी करू नका, व त्याला 'बिचारा' म्हणू नका. त्याला खेळात घ्या, भांडण झाले तर इतरांशी भांडता तसेच भांडा, आणि सणाच्या दिवशी आपल्या घरी जेवायला बोलवा. आईने आणखी एक पान वाढले असता तिला किती थोडे श्रम पडतात हे तुमच्या ध्यानात येईल, आणि पालकांच्या मनातील पुष्कळ शंकाही त्या पंक्तीतच मिटतील.

काही मुलांसाठी आश्रम लागतीलच. ज्यांना आज रात्री कोठेही जागा नाही, त्यांचे दार बंद होता कामा नये. परंतु आश्रमाच्या चालकांनी प्रत्येक मुलाविषयी दर वर्षी एक प्रश्न स्वतःला विचारावा, की याला घरी नेता येईल असे कोणी आहे काय? आणि रविवारी देवळात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाने हाच प्रश्न आपल्या घरात बसून विचारावा, एवढीच आमची सर्व वाचकांस नम्र विनंती आहे.