पुलकेशीचे दूत इराणच्या दरबारात : पुरावा कोणता आणि समजूत कोणती?

मराठ्यांच्या इतिहासात 'वकील' हा शब्द तुम्ही वाचला असेल. तो कोर्टातला वकील नव्हे बरं का! आपल्या राजाचा खलिता आणि नजराणा घेऊन दुसऱ्याच्या दरबारात जाणारा, तिथे आपली बाजू मांडणारा माणूस म्हणजे वकील, म्हणजेच राजदूत. मराठ्यांच्याही हजार वर्षे आधी दख्खनमधून असे दूत इराणला गेल्याची नोंद आहे. आज तो पाठ बघू. पण नुसती माहिती पाठ करायची नाही. हे आपल्याला कळलं कशावरून, तेही बघायचं.

दोन राजे

दख्खनमध्ये तेव्हा बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. दुसरा पुलकेशी इ. स. ६१० ते ६४२ या काळात राज्य करत होता. उत्तरेच्या सम्राट हर्षवर्धनाला त्याने नर्मदेपाशी अडवले. इराणमध्ये सासानी घराण्याचा दुसरा खुश्रू (इ. स. ५९० ते ६२८) गादीवर होता. त्याची राजधानी टेसिफोन, आजच्या बगदादजवळ, तैग्रिस नदीकाठी.

तबरी काय सांगतो?

तबरी हा अरबी भाषेत लिहिणारा मोठा इतिहासकार. इ. स. ९२३ मध्ये बगदादला वारला. त्याच्या ग्रंथात ही हकिगत येते. खुश्रूच्या राज्याच्या ३६व्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२५-२६ च्या सुमारास, हिंदच्या राजाने त्याच्याकडे दूत पाठवले. राजासाठी आणि त्याच्या मुलांसाठी वेगवेगळ्या भेटी आणि पत्रे होती. शिरूये नावाच्या मुलाला हत्ती, तलवार, पांढरा ससाणा आणि जरीचे वस्त्र मिळाले. त्याच्या पत्रावर मात्र 'गुप्त ठेवावे' अशी सूचना होती. खुश्रूला संशय आला. त्याने पत्र उघडून हिंदी भाषा जाणणाऱ्या लेखकाकडून वाचून घेतले. आत काय होते? शिरूये, तू ३८व्या वर्षी राजा होशील, असे भाकीत!

इ. स. ६२८ मध्ये शिरूयेने खरोखरच बापाला कैद करून गादी घेतली. तबरीच्या ग्रंथात ही हकिगत कैदेतला खुश्रू मुलाच्या आरोपांना उत्तर देताना सांगतो. "मला हे ठाऊक होते, तरी मी तुला इजा केली नाही," असा त्याचा रोख आहे.

आता जरा थांबा. तबरीने हे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिले. भाकीत इतके अचूक असेल, तर ते मागाहून रचले असण्याची शक्यता मोठी. शिवाय हस्तलिखितांत हिंदच्या राजाचे नाव स्पष्ट लागत नाही. जर्मन अभ्यासक नोल्डेके यांनी १८७९ मध्ये ते 'पुलकेशी' असे वाचले. काळ जुळतो, म्हणून बरेच इतिहासकार ते मान्य करतात. म्हणजे दूत गेले ही गोष्ट संभवनीय, नाव बहुधा पुलकेशीचे, पण पत्रातले भाकीत जपूनच घ्यायचे.

मग अजिंठ्याचे चित्र?

अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मध्ये दरबाराचे एक चित्र आहे. त्यात टोकदार टोप्या आणि लांब अंगरखे घातलेले परदेशी लोक राजाला भेटी देतात. १८७९ मध्येच जेम्स फर्ग्युसन यांनी सांगितले, की हे इराणचे दूत आहेत आणि राजा पुलकेशी आहे. ही गोष्ट सगळ्यांना आवडली आणि पुस्तकापुस्तकांत गेली.

पण पुढच्या संशोधनाने, विशेषतः वॉल्टर स्पिंक यांच्या अभ्यासाने, हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरवले. पुलकेशी तर सातव्या शतकातला! दीडशे वर्षे आधीच्या चित्रात तो येणार कसा? ते चित्र एखाद्या जातककथेतले असावे, असे अभ्यासक मानतात. तरी चित्र वाया जात नाही. इराणी पेहरावाची माणसे पाचव्या शतकातल्या चित्रकारांच्या ओळखीची होती, एवढे त्यावरून नक्की दिसते.

आपला किनारा

इ. स. ६३४-३५ चा ऐहोळे शिलालेख सांगतो, की पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना हरवले आणि जहाजांच्या बळावर समुद्रकाठची 'पुरी' जिंकली. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण दंडा-राजपुरी सांगतात. घारापुरी बेट आपल्या गव्हाण-न्हावा भागापासून फार लांब नाही. इराणी आखाताकडे जाणारी जहाजे आजही याच समुद्रातून निघतात. कोकण किनारा हाती आलेल्या राजाला इराणशी मैत्री का हवी असेल, हे नकाशा उघडला की लगेच कळतं. पश्चिमेकडून दख्खनला लागणारे चांगले घोडेही समुद्रमार्गे येत.

लक्षात ठेवा

परीक्षेत अजिंठ्याचे ते चित्र आले, तर 'पुलकेशीचा दरबार' असे ठामपणे लिहू नका. 'पूर्वी तसे मानले जाई' असे लिहा आणि कारण द्या. दूतांच्या नोंदीसाठी तबरीचे नाव लिहा. सुंदर चित्र हा आपोआप पुरावा होत नाही. त्याचा काळ आधी तपासावा लागतो.

विचार करा

१. तबरीच्या हकिगतीतला कोणता भाग तुम्ही विश्वासार्ह मानाल? का?
२. हत्ती, तलवार, ससाणा, जरीचे वस्त्र या भेटींतून पाठवणाऱ्या राजाला काय दाखवायचे असेल?
३. नकाशात बदामी, घारापुरी आणि बगदाद शोधा. दूतांचा संभाव्य मार्ग आखा आणि तो का निवडला ते दोन ओळींत लिहा.