लँडलॉर्ड नावाचं कूळ

इंग्रजी कादंबऱ्या वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: लँडलॉर्ड. त्याचे अर्थ आपल्याला माहीत असतात. जमीनदार, घरमालक आणि तिसरा, पबचा मालक. पहिल्या दोन अर्थांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे. इंग्लंडमध्ये पबच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाइकं लँडलॉर्ड म्हणतात, बाई असेल तर लँडलेडी. पण हजारो पबांमध्ये ती इमारत त्या माणसाची नसते. तो भाडेकरू असतो, आणि खरी मालक असते एखादी मोठी कंपनी. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर तो कूळ असतो. या लेखात मला या कुळाची आणि त्याच्या मालकाची गोष्ट सांगायची आहे. दारूविषयी आपलं मत काहीही असो, करार म्हणजे काय आणि त्यात कोण किती मोकळं असतं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

पुस्तकातला यजमान

साहित्यात हा माणूस रुबाबदार आहे. चॉसरच्या कँटरबरी कथांमध्ये टॅबर्ड सराईचा यजमान यात्रेकरूंना गोष्टी सांगण्याची पैज सुचवतो आणि पुढे त्यांच्यावर हुकूमही चालवतो. डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मधली मिस ॲबी पॉटरसन थेम्सकाठच्या आपल्या पबमध्ये राज्यच करते. कुणी किती प्यायचं आणि कुणी कधी घरी जायचं हे तीच ठरवते. जॉर्ज एलियटच्या सायलस मार्नरचं सोनं चोरीला जातं, तेव्हा तो धावत जातो तो रेनबो या पबमध्येच, कारण गावातली वजनदार माणसं तिथे भेटणार. म्हणजे पब ही एक प्रकारे गावची चावडीच. साहजिकच ती चालवणारा माणूस आपल्याला मालकच वाटतो.

मिस पॉटरसन खरोखर मालकीण आहे, डिकन्स तसं स्पष्ट सांगतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागलं. नवे परवाने मिळणं अवघड झालं, तेव्हा बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे ब्रुअरींनी, पबच विकत घेण्याचा सपाटा लावला. पब आपला असला की त्यात बिअरही आपलीच खपणार, हा हिशोब सरळ होता.

कोरडं भाडं, ओलं भाडं

अशा पबला ‘टाइड पब’ म्हणतात. आपण बांधील पब म्हणूया. पब चालवणारा कंपनीला इमारतीचं भाडं देतो, आणि शिवाय बिअर कंपनीकडूनच, कंपनी सांगेल त्या दराने घेण्याचं बंधन पाळतो. पुष्कळदा इतर पेयांनाही हेच लागू असतं. धंद्यातले लोक इमारतीच्या भाड्याला कोरडं भाडं म्हणतात आणि बिअरच्या चढ्या दरातून कंपनीला मिळतं त्याला ओलं भाडं. समजा, बाजारात एक पिंप शंभर पौंडांना मिळतं आणि कंपनी तेच दीडशेला देते. मग आठवड्याला दहा पिंपं खपवणारा पब दर आठवड्याला पाचशे पौंड जास्तीचे देतो. शेजारच्या मोकळ्या पबचा मालक हेच पैसे वाचवतो किंवा गिऱ्हाइकाला स्वस्तात पाजतो.

बाहेरून गुपचूप पिंप आणावं, तर तेही सोपं नाही. अनेक पबांच्या तळघरात कंपनीने मीटर बसवलेले असतात. नळीतून किती बिअर गेली ते मोजलं जातं आणि विकत घेतलेल्या बिअरशी ताडून पाहिलं जातं. छप्पर गळलं, तर कित्येक करारांनुसार दुरुस्तीही भाडेकरूनेच करायची. जुन्या अनेक करारांत भाड्याच्या फेरआढाव्यात भाडं फक्त वाढू शकत असे, कमी होऊ शकत नसे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात की बांधील पबचं कोरडं भाडं कमी असतं, थोड्या भांडवलात धंद्यात शिरता येतं, प्रशिक्षण मिळतं, आणि खप घसरला की ओलं भाडंही आपोआप घटतं. हे तत्त्वतः खरं आहे. प्रश्न एवढाच की सवलत आणि बोजा यांचा ताळमेळ बसतो का, आणि तो बसत नसेल तर कुळाने दाद कुठे मागायची.

उपायातून नवा मालक

१९८९ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने बिअरच्या धंद्याच्या चौकशीचा अहवाल दिला. सहा मोठ्या ब्रुअरींचा पबांवरचा कब्जा सरकारला खटकला आणि त्याच वर्षी ‘बिअर ऑर्डर्स’ निघाल्या. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरीने वरच्या पबांपैकी निम्मे बंधमुक्त करावेत, असा तो नियम. पण तो ब्रुअरींपुरता होता. ज्या कंपनीकडे फक्त पब आहेत, बिअर बनवण्याचा कारखाना नाही, तिला तो लागू नव्हता. ब्रुअरींनी पब विकले आणि पंच, एंटरप्राइझ अशा नव्या कंपन्यांनी ते घेतले, तेही मोठाली कर्जं काढून. पुढे या दोघींकडे प्रत्येकी सात हजारांहून अधिक पब झाले. कुळाची बेडी सुटली नाही, तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. कर्जाचे हप्ते भाड्यातून आणि बिअरच्या दरातूनच निघणार होते. मग २००७ मध्ये इंग्लंडच्या पबांत धूम्रपानबंदी आली, २००८ मध्ये मंदी आली. खप घटला, कर्ज मात्र तसंच राहिलं.

सही तर त्यानेच केली ना?

बर्नार्ड क्रेहन या पबचालकाचा खटला कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. १९९१ मध्ये त्याने स्टेन्स या गावातले दोन पब भाडेपट्ट्याने घेतले. बिअर करेज या ब्रुअरीकडून घेण्याची अट होती. १९९३ मध्ये त्याला दोन्ही पब सोडावे लागले. करेजने बिअरच्या थकबाकीसाठी त्याच्यावर १५,२६६ पौंडांचा दावा लावला. तो उलट म्हणाला की मोकळ्या पबांना हीच बिअर स्वस्तात मिळत होती, हा करारच स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, मला भरपाई द्या. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात यावर एक साधं उत्तर होतं: बेकायदा करारात तूही सामील होतास, मग तुला भरपाई कशी?

२००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे उत्तर नाकारलं. दुबळ्या बाजूला अटींवर बोलण्याची खरी मोकळीक होती का, हे पाहावं लागेल, असं त्याने सांगितलं. २००४ मध्ये अपील न्यायालयाने क्रेहनला १,३१,३३६ पौंड भरपाई दिली. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. तत्त्व जिंकलं, माणूस हरला.

इथे मला पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक आठवतं. मजुरी दोघांनी राजीखुशीने ठरवली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, आणि गरजेपोटी मान्य केलेली अट ही एक प्रकारची जबरदस्तीच असते, असं ते सांगतं. बोलणं मजुरीबद्दल आहे, पण भाड्यालाही ते तितकंच लागू पडावं. आपला १९४८ चा मुंबई कूळकायदा याच जातीचा. खंड दोघांनी कितीही ठरवला तरी कमाल मर्यादा कायद्याची.

थोडं मोकळं दार

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी ब्रिटिश संसदेत खासदार ग्रेग मलहॉलंड यांची दुरुस्ती २८४ विरुद्ध २५९ मतांनी, सरकारच्या इच्छेविरुद्ध मंजूर झाली. त्यातून २०१५ चा कायदा आणि जुलै २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी ‘पब्ज कोड’ आला. पाचशे किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांना तो लागू आहे. ठरावीक वेळी, उदाहरणार्थ भाड्याच्या फेरआढाव्यावेळी, भाडेकरू म्हणू शकतो: मी फक्त बाजारभावाने भाडं देईन, बिअर मला हवी तिथून घेईन. तंटा सोडवायला स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. तरी वाट सरळ नव्हती. बंधमुक्ती मागणाऱ्यांपुढे कंपन्या नव्या अटी ठेवू लागल्या. २०२० मध्ये हायनेकेनच्या पब-कंपनीला वीस लाख पौंड दंड झाला. आपल्याच बिअर अवाजवी प्रमाणात ठेवण्याची सक्ती ती अशा भाडेकरूंवर करत होती.

कूळ हा शब्द मी वापरला खरा, पण एक फरक विसरू नका. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कायद्याने पुष्कळ कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानलं. पबच्या कुळाला असा दिवस नाही. त्याने वीस वर्षं गल्ला सांभाळला, घर वरच्या मजल्यावर केलं, तरी पट्टा संपला की धंद्याबरोबर घरही जातं.

म्हणून पुढच्या वेळी आधुनिक इंग्रजी कथेत लँडलॉर्ड भेटला, तर मराठीत सरळ ‘मालक’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. इमारत कुणाची? बिअर कुठून येते? आणि नफा कुणाकडे जातो? उत्तरं वेगवेगळी आली, तर ‘पबवाला’ हा साधा शब्द जास्त प्रामाणिक आहे.