शाळेची परसबाग : लावणीपूर्वी उन्हाळ्याचा विचार

पावसाळा सुरू झाला की गावोगावी शाळेच्या आवारात रोपे लावण्याचा समारंभ होतो. मुले उत्साहाने खड्डे खणतात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लागते आणि श्रावणात सर्वत्र हिरवे दिसते. परंतु पुढील मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी वाळलेल्या काड्या आणि शेळ्यांनी तुडविलेले वाफे तेवढे उरतात. याचा दोष जमिनीकडे किंवा मुलांकडे क्वचितच जातो. लावणीचा विचार झालेला असतो. मे महिन्यात व जूनच्या पूर्वार्धात शाळा बंद असताना पाणी कोण घालील, याचा झालेला नसतो. शाळेची बाग टिकवावयाची असेल तर हा प्रश्न प्रथम सोडवावा व मगच कुदळ हाती घ्यावी.

कल्पना जुनीच आहे

हाताने काम करीत शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी बुनियादी शिक्षणाची योजना मांडली. पुढे डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला आणि त्यात शेती व बागकाम यांस मूलोद्योगांत स्थान मिळाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील पाने, बिया व फुले हेच बालशिक्षणाचे साहित्य केले. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणजे बाग का असावी याविषयी मतभेद उरलेला नाही. ती कशी टिकवावी एवढेच पाहावयाचे आहे.

बागेकडून अपेक्षा

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम भाजी देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. शंभर मुलांस रोज ५ किलो भाजी लागते. एवढी भाजी दररोज पुरविणे एका गुंठ्याच्या बागेस शक्य नाही, आणि तशी अपेक्षा धरल्यास शिक्षक व मुले दोघेही निराश होतात. आमटीत शेवग्याचा पाला, कढीपत्ता व कोथिंबीर पडावी, हंगामात अधूनमधून ताजी भाजी व्हावी आणि आपण लावलेले आपण खाल्ले हा अनुभव प्रत्येक मुलास मिळावा, एवढे साधले तरी बाग सफल झाली असे समजावे.

जागा व आखणी

सहा तास ऊन मिळणारी, पाणी न तुंबणारी व हात धुण्याच्या जागेजवळची एक गुंठा जमीन पुरे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. तीत ३ फूट रुंद व १० फूट लांब असे बारा वाफे दोन ओळींत काढावेत. रुंदी याहून अधिक ठेवू नये, कारण लहान मुलाचा हात वाफ्यात पाय न देता मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. दोन वाफ्यांमध्ये २ फुटांची व दोन ओळींमध्ये ३ फुटांची वाट ठेवावी. काळ्या जमिनीत वाफे ६ इंच उंच करावेत. कोकणातील पावसात याहून उंच करून पाण्यास उतार द्यावा. प्रत्येक वाफ्यास दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

या आखणीनंतर सुमारे १० फूट रुंदीची पट्टी उरते. ती उत्तरेकडे ठेवावी. तेथे शेवग्याची दोन, पेरूचे एक व कढीपत्त्याचे एक अशी झाडे लावल्यास हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. पट्टीच्या एका कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा घ्यावा व उरलेली जागा मुलांच्या खेळास मोकळी सोडावी.

कुंपणावाचून बाग म्हणजे शेळ्यांस आमंत्रण होय. बांबू, तुराट्या किंवा पऱ्हाट्या यांचे कूड उभारावे व त्याच्या कडेने मेंदी लावावी.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बारा वाफ्यांचे क्षेत्र ३६० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३३ चौरस मीटर होते. हिवाळ्यात दिवसास साडेचार मिलिमीटर पाणी धरल्यास सुमारे १५० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दहा बादल्या लागतात. उन्हाळ्यात कोरड्या भागात ही गरज दुप्पट होते आणि नेमकी त्याच वेळी विहीर तळ गाठते. म्हणून उन्हाळ्यात बारा वाफे हिरवे ठेवण्याचा हट्ट धरू नये.

जेवणापूर्वी हात धुताना एका मुलाकडून एक लिटर पाणी सांडते असे धरले, तरी शंभर मुलांमागे रोज १०० लिटर पाणी वाया जाते. ते चर काढून केळी व पपईच्या आळ्यांत न्यावे. साबणाचे हे पाणी पालेभाज्यांस व कच्च्या खावयाच्या भाज्यांस मात्र देऊ नये.

शाळेच्या वर्षाशी मेळ

पिकांचे वेळापत्रक पंचांगाबरोबर शाळेच्या सुट्यांशीही जुळविले पाहिजे.

जून-जुलै : शाळा उघडताच भेंडी, गवार, चवळी, दोडका व काकडी यांची पेरणी करावी. भेंडी दीड महिन्यानंतर तोडणीस येऊ लागते.

सप्टेंबर : वांगी व टोमॅटो यांची रोपे गादीवाफ्यावर तयार करावीत. त्यांची पुनर्लागवड दिवाळीच्या सुटीपूर्वी निदान दहा-बारा दिवस उरकावी, म्हणजे मुळे धरण्यास अवधी मिळतो. ऐन सुटीच्या तोंडावर लावलेली रोपे मरतात.

सुटीनंतर : मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर ही पिके पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेका वाफ्यात पेरावीत. मेथी सुमारे चार आठवड्यांत काढणीस येते. मुलांचा उत्साह टिकण्यास असे लवकर येणारे पीक फार उपयोगी पडते.

फेब्रुवारीनंतर : नवीन पेरणी करू नये. मार्चअखेर पीक उरकून वाफ्यांवर पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर पसरावा. जमीन झाकून विश्रांती घेते व पुढील जूनमध्ये भुसभुशीत मिळते.

वाफ्यावरील धडे

बागकाम हा तासिकेबाहेरचा भार न होता तासिकेचाच भाग व्हावा. पहिलीच्या मुलांनी चवळीचे दाणे दहा-दहांच्या ढिगांत मोजावेत. तिसरी-चौथीच्या मुलांनी दोरीने वाफा मापून परिमिती २६ फूट व क्षेत्रफळ ३० चौरस फूट येते का ते पाहावे. वीस बियांपैकी सतरा उगवल्या तर उगवण किती टक्के, हे गणित पाचवीच्या मुलाने मातीत पाहिले म्हणजे पुन्हा विसरत नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पडलेला पाऊस पट्टीने मोजावा व पेरणी, पाणी, कीड व तोडणी यांसह बागेच्या नोंदवहीत रोज लिहावा.

दोन गोष्टींची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. बागेतील काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. ज्या मुलास खुरपे शिक्षा म्हणून मिळाले त्यास शेतीविषयी प्रेम वाटणार नाही. तसेच मुलांकडे कुदळ व मुलींकडे झाडू अशी वाटणी नसावी. पाळीच्या दिवसांत मुलीचा हात लागल्याने झाड वाळते, या समजुतीस कोणताही आधार नाही. शाळेच्या बागेत तिला थारा देऊ नये.

खेळ

दोन वाफ्यांवर बांबूची कमान करून दोडका किंवा वालपापडीचा वेल चढविल्यास खाली मुलांना लपण्यास सुंदर बोगदा होतो. पेरूच्या खालच्या फांद्या छाटू नयेत, त्या चढण्यास उपयोगी पडतात. शेवग्याचे लाकूड मात्र ठिसूळ असते. त्यावर चढू देऊ नये. खेळास हक्काची जागा मिळाली म्हणजे वाफे तुडविले जात नाहीत.

सुरक्षितता

कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड व मोगली एरंड ही झाडे बागेत किंवा कुंपणास लावू नयेत. मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात व त्यांना उलट्या-जुलाब होतात. बाजारातील गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगविलेले बी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. रासायनिक कीटकनाशक शाळेत आणूच नये. मावा-तुडतुडे दिसल्यास ५०० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १० लिटर द्रावण करावे व मोठ्या माणसाने शाळा सुटल्यावर फवारावे. काम झाल्यावर हात साबणाने धुणे हा नियम सर्वांस सारखाच असावा.

सुटीतील राखण

सुटीत फक्त बहुवार्षिक झाडे जगविणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. प्रत्येक झाडाच्या आळ्यात कच्च्या भाजणीचे, पाणी झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते भरून त्यावर झाकण ठेवावे. असे मडके तीन दिवसांनी भरले तरी चालते. सुटी सुमारे ४५ दिवसांची असते. एका कुटुंबाने तीन दिवसांची पाळी घेतल्यास पंधरा कुटुंबांत सुटी सरते, आणि प्रत्येक कुटुंबावर एकाच फेरीचा भार पडतो.

ही पंधरा नावे शोधण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. समितीच्या पहिल्या सभेत, बी आणण्यापूर्वी, तीन ठराव लिहून घ्यावेत : पाणी कोठून येणार, सुटीतील पाळ्या कोणाच्या, आणि सुटीत मिळालेली फळे, शेंगा व पाला कोणाचा. जो पाणी घालील त्याने त्या दिवसांचे उत्पन्न घरी न्यावे, हा नियम सर्वांत सोपा. त्यामुळे राखण मनापासून होते.

शेतकरी बंधुभगिनींनी आपल्या घरचे वालाचे, दोडक्याचे किंवा काकडीचे मूठभर बी आणि एक पाटी शेणखत शाळेस द्यावे, व वर्षातून एखादा तास मुलांस खुरपणी दाखविण्यास जावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावणीच्या दिवशी शाळेत जाणे चांगलेच आहे. पण एक भेट मे महिन्याच्या मध्यासही ठेवावी. मडकी भरलेली आहेत काय, कूड शाबूत आहे काय, पाळीचे कुटुंब गावी आहे की बाहेरगावी गेले, हे पाहावे व अडचण असल्यास शेजारच्या कुटुंबाशी तेथेच बोलून घ्यावे. जूनमध्ये मुले परत येतील तेव्हा शेवगा उभा असेल, तर नवीन वर्षाची पेरणी करण्यास त्यांना कोणी आग्रह करावा लागणार नाही.