एका वेळी एकच ठिपका

विज्ञान प्रदर्शनासाठी मी केलेला पहिला ॲनिमेशनपट ११ सेकंदांचा होता आणि तो चुकीचा होता. त्यात एक निळा चेंडू दोन फटींपाशी येई, तिथे त्याचे दोन तुकडे होत आणि पलीकडे ते पुन्हा एक होत. आमच्या हाऊसमधल्या मुलांना तो फार आवडला. भौतिकशास्त्राच्या सरांनी तो दोनदा पाहिला आणि विचारले, "अर्धा इलेक्ट्रॉन कधी कोणाला सापडलाय का?"

नाही. पडद्यावर सापडतो तो नेहमी अख्खाच. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

मग सरांनी जपानमधल्या अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग सांगितला. १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात फटींऐवजी एक अतिशय बारीक तार होती; इलेक्ट्रॉनला तिच्या डावीकडून आणि उजवीकडून असे दोन मार्ग. सेकंदाला हजारापेक्षा कमी इलेक्ट्रॉन सोडलेले आणि प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे १,२०,००० किलोमीटर. म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांत सरासरी शंभराहून जास्त किलोमीटरचे अंतर, आणि उपकरणातला सगळा प्रवास दीड मीटरचा! आत एका वेळी एकटाच इलेक्ट्रॉन. धक्का द्यायला शेजारी कोणी नाही. तरीही आधी वेडेवाकडे पडलेले ठिपके हजारोंनी साठले, तेव्हा त्यांचे उभे पट्टे दिसू लागले.

तेच दाखवायचे ठरवले. काळ्या कार्डशीटवर २४ रकाने आखले. प्रत्येक रकान्यात ठिपका पडण्याची शक्यता किती, हे असे काढले: दोन मार्गांच्या दोन लाटा, प्रत्येकीची उंची १. आधी बेरीज करायची, मग वर्ग. उंचवट्यावर उंचवटा आला तर १ + १ = २, वर्ग ४. उंचवट्यावर खळगा आला तर शून्य. मधल्या टप्प्यांवर १ आणि ३. म्हणून रकान्यांना ०, १, ३, ४, ३, १ या क्रमाने चिठ्ठ्या दिल्या आणि हाच क्रम चार वेळा लावला. एकूण ४८ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर रकान्याचा क्रमांक. त्या मेसच्या स्टीलच्या मगात टाकल्या. एक चिठ्ठी काढायची, त्या रकान्यात पांढरा ठिपका द्यायचा, एक फोटो घ्यायचा. रकान्यात वर की खाली, हे दुसऱ्या मगातल्या चिठ्ठ्या ठरवत. मनाने दिले तर हात नकळत ठिपके सारख्या अंतरावर देतो. सेकंदाला १२ फोटो धरले, तर ४० सेकंदांना ४८० ठिपके. (कॅमेरा स्टँडवर घट्ट हवा, आणि खिडक्या बंद करून ट्यूबलाइटच्या उजेडातच फोटो घ्या. आमचे पहिले फोटो उन्हाच्या तिरिपीने लुकलुकत होते.)

९६ ठिपके झाले आणि पट्टे इतके सुबक आले की मी खूश झालो. सरांनी वहीतली नोंद पाहिली. शून्याचे सोडले, तर प्रत्येक रकान्यात चिठ्ठ्यांच्या बरोबर दुप्पट ठिपके. एकही कमी-जास्त नाही.

"काढलेली चिठ्ठी परत टाकत होतास?"

नव्हतो. मग रिकामा झाला की पुन्हा भरत होतो.

"म्हणजे ४७ झाल्यावर ४८वी कुठली, हे तुला आधीच कळत होतं. आधी ४७ कुठे पडले, हे इलेक्ट्रॉनला कोण सांगणार?"

सगळा प्रयोग या एका गोष्टीवर उभा आहे, असे मला तेव्हा कळले. प्रत्येक इलेक्ट्रॉन नव्यानेच येतो. मागच्यांचा हिशोब त्याच्याजवळ नसतो. मग नवी कार्डशीट घेतली. प्रेपनंतरचे पाच दिवस मी आणि माझा बॅचमेट चिठ्ठी काढत, परत टाकत, मग हलवत होतो. शेवटी चार उजळ रकान्यांत ३७, ४४, ३३ आणि ४५ ठिपके आले. चाळीसच्या आसपास, पण नेमके चाळीस कुठेच नाहीत. मला हेच जास्त सुंदर वाटते.

उगम आणि पडदा यांच्या मधली जागा आम्ही काळीच ठेवली. तिथे लाट काढता आली असती, पण ती आमच्या गणितातली लाट. तिथे कोणी पाहिलेली वस्तू नव्हे.

दुसरा पटही केला. इलेक्ट्रॉन कुठल्या मार्गाने गेला हे टिपले, तर बेरजेआधीच वर्ग करावा लागतो: १ + १ = २. प्रत्येक रकान्याला दोन चिठ्ठ्या, एकूण पुन्हा ४८च. या वेळी पट्टे आलेच नाहीत, नुसता धुरळा.

प्रदर्शनाला बाबा दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आले होते. त्यांनी दोन्ही पट पाहिले. "मधे अंधार का ठेवलायस?" त्यांनी विचारले. मी सांगितले ते त्यांना पटले की नाही, कळले नाही. मग त्यांनी टेबलावरच्या मगात हात घालून एक चिठ्ठी काढली. १० नंबर, उजळ रकाना. त्यांनी ती घडी घातली आणि माझ्याकडे पाहिले.

"परत टाकायची ना रे?"