जुन्या संगणकासाठी लिनक्सची निवड

शाळेतील अथवा पंचायत कार्यालयातील संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. त्या दिवशी विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ अशा जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांवर अधिकृतपणे बसत नाही. परिणामी सुस्थितीतील यंत्र भंगारात काढण्याचा प्रसंग येतो. तो टाळण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स.

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिहिला. त्याभोवती आवश्यक साधने जोडून निरनिराळ्या मंडळींनी जे संच सिद्ध केले, त्यांस वितरणे म्हणतात. गोव्यास हा विषय नवा नाही. २००१ च्या सुमारास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमातून परदेशातील वापरलेले संगणक शाळांना मिळाले व लिनक्सचा वापरही झाला.

वितरणे शेकडो असल्याने नवखा मनुष्य गोंधळतो. परंतु पेडणे वा डिचोलीतील एखाद्या मराठी शाळेपुढे खरे पर्याय मोजकेच आहेत. प्रथम यंत्राची स्मृती, म्हणजे रॅम, पाहावी. ती ४ जीबी असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिची मांडणी विंडोजच्या सवयीची आहे. स्मृती २ जीबी असल्यास डेबियन व त्यावर एलएक्सक्यूटीसारखा हलका पडदा पुरेसा होतो. सी-डॅकने डेबियनच्या आधारावर भारतीय भाषांसाठी बॉस हे वितरण तयार केले आहे, त्याचाही विचार व्हावा. ३२ बिट यंत्रावर मात्र फार श्रम घेऊ नयेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली.

आधाराची मुदतही तितकीच महत्त्वाची. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीस सुमारे १३ महिनेच दुरुस्त्या मिळतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस ५ वर्षे. जेथे वर्षातून एकदा प्रणाली बदलण्यास जाणकार मिळणे कठीण, तेथे फेडोरा कितीही उत्तम असली तरी गैरसोयीचीच.

खरी अडचण येते ती मराठीची, आणि तिचा विचार सहसा शेवटी होतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेले ठराव, दाखले व प्रश्नपत्रिका त्या टंकांवाचून उघडल्यास निरर्थक अक्षरे दिसतात. हा दोष लिनक्सचा नव्हे. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही एवढेच. म्हणून विंडोज चालू असतानाच परिवर्तक वापरून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा व मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट कळफलक सर्वत्र उपलब्ध असतो; लिबर ऑफिसमध्ये मराठी लेखन सुरळीत होते.

काही काढून टाकण्यापूर्वी निवडलेले वितरण पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. बहुतेक वितरणांत ही सोय असते. मुद्रणयंत्र चालते का, वायफाय जुळते का, मराठी उमटते का, हे अर्ध्या दिवसात कळते. एखादे मुद्रणयंत्र हट्टी निघाल्यास दुसरे वितरण तपासावे.

शेजारच्या शाळांनी शक्यतो एकच वितरण घ्यावे. शिक्षकाची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते आणि संगणकावर कापड पडते. वितरण एक असल्यास मये येथील शिक्षकाची अडचण सर्वण येथील शिक्षक दूरध्वनीवरूनही सोडवू शकतो. प्रशासकाचा परवलीचा शब्द मोहोरबंद लखोट्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, आणि कार्यभार देताना तो लखोटाही नोंद करून द्यावा.