वाळू, पाणी आणि कोबो आबे

जपानी साहित्य म्हटलं की आपल्याला दोन-तीन नावं आठवतात. १९६८ साली नोबेल मिळवणारे कावाबाता, १९७० साली हाराकिरी करणारा मिशिमा, आणि हल्ली होस्टेलच्या दर तिसऱ्या खोलीत उशाशी सापडणारा मुराकामी. कोबो आबे हे नाव त्यात सहसा नसतं. खरं तर आपल्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यांनी आधी वाचावा असा जपानी लेखक हाच, असं माझं ठाम मत आहे. चेरीची फुलं, चहाचा समारंभ वगैरे याच्याकडे काही मिळत नाही. मिळते ती वाळू. आणि तीसुद्धा मोजमापासकट!

आबेचा जन्म १९२४ चा, टोकियोतला. पण बालपण गेलं मांचुरियात, मुकदेन शहरात. (आजचं चीनमधलं शेनयांग.) वडील तिथे डॉक्टर होते. मुलाला नाद दोन, गणित आणि किडे गोळा करणं. १९४३ मध्ये तो टोकियोला मेडिकलला गेला. आवड म्हणून गेला असं कोणी समजू नये. साहित्य, तत्त्वज्ञान असे विषय घेणाऱ्या मुलांना तेव्हा सरळ सैन्यात पाठवत, आणि मेडिकलवाल्यांना सूट होती. आपण ‘स्कोप’ बघून ब्रँच घेतो, त्याने जीव बघून घेतली.

१९४४ मध्ये जपान हरणार अशी कुणकुण लागताच त्याने क्षयरोगाचं खोटं सर्टिफिकेट तयार केलं आणि कॉलेज सोडून घरी परतला. (मेडिकल सर्टिफिकेटची ही विद्या आपल्याकडेही चांगली रुजली आहे.) पण पुढच्याच वर्षी तिथे टायफसची साथ आली आणि रुग्णांवर उपचार करता करता वडील गेले. ज्या मांचुरियाला तो घर समजत होता ते जपानच्या हातून गेलं. युद्ध संपल्यावर तो अतिशय गरिबीत टोकियोला आला, १९४८ मध्ये एकदाचा डॉक्टर झाला, आणि त्याने डॉक्टरकी केली नाही. ‘प्रॅक्टिस करणार नाही या अटीवरच मला पास केलं,’ असं तो गमतीने सांगत असे. १९५१ मध्ये त्याला अकुतागावा हे मानाचं पारितोषिक मिळालं. दरम्यान तो कम्युनिस्ट पक्षात गेला, तिथून १९६२ मध्ये त्याला काढूनही टाकलं. त्याच वर्षी त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी आली, इंग्रजीत ‘द वुमन इन द ड्यून्स’. मला खरं तर हिच्याबद्दलच बोलायचं आहे.

एक शाळामास्तर सुट्टीत किडे पकडायला समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जातो. वाळूत राहणारा भुंगेऱ्याचा नवा प्रकार सापडला तर त्याला आपलं नाव लागेल, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. शेवटची बस चुकते. गावकरी त्याला रात्रीपुरता आसरा देतात, तो वाळूतल्या खोल खड्ड्यातल्या एका घरात. तिथे एक एकटी बाई राहते आणि खाली उतरायला दोराची शिडी असते. सकाळी बघतो तर शिडी गायब! रोज रात्री वाळू उपसायची, ती गावकरी दोरीने वर ओढून घेणार आणि त्या बदल्यात पाणी आणि शिधा खाली सोडणार. काम बंद तर पाणी बंद. उपसली नाही तर घर गाडलं जाणार, आणि त्यामागोमाग शेजारचंही.

ही गोष्ट कोणी दुसऱ्याने लिहिली असती तर नुसती भीतीची झाली असती. आबे मात्र आधी वाळू समजावून सांगतो. कणाचा सरासरी व्यास १/८ मिलिमीटर, तो वाऱ्याने कसा सरकतो, वाळू पाण्यासारखी कशी वाहते. मास्तरला हे सगळं तोंडपाठ आहे. बाई त्याला सांगते की वाळूने घराचे वासे कुजतात. तो हसतो. वाळू म्हणजे कोरडी, ती लाकूड कशी कुजवेल? आपल्या व्हायवाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसासारखा तो तिची उलटतपासणी घेतो. ती वाद घालत नाही. वासे कुजतच राहतात.

सिव्हिलच्या मंडळींसाठी त्यात एक खास जागा आहे. उपसलेली वाळू गावकरी चोरून बांधकामवाल्यांना स्वस्तात विकतात. मास्तर उसळतो : ही खारी वाळू काँक्रीटमध्ये घातली तर इमारती, धरणं टिकतील का? त्याचं म्हणणं बरोबर आहे. मिठातल्या क्लोराइडने सळईवरचं संरक्षक आवरण जातं, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट तडकतं. बाई शांतपणे विचारते की दुसऱ्यांचं काय होईल याच्याशी आपल्याला काय करायचंय. वाचताना मला तिचा राग आला. मग वाटलं, या खड्ड्यातल्या माणसांची त्या ‘दुसऱ्यांनी’ तरी कधी चौकशी केली?

मास्तर पळून जायचे नाना उपाय करतो. एकदा तर वर पोचतोही, पण रुतत्या वाळूत अडकतो आणि गावकरीच त्याला बाहेर काढून परत खाली सोडतात. मग तो कावळा पकडायचा सापळा लावतो. वाळूत बादली पुरायची, आमिष ठेवायचं आणि सापडलेल्या कावळ्याच्या पायाला चिठ्ठी बांधायची. सापळ्याचं नाव ठेवतो ‘आशा’. कावळा काही येत नाही. पण एक दिवस बादलीच्या तळाशी पाणी दिसतं, स्वच्छ, पिण्यासारखं. वाळूच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतं, त्यामुळे खालचं पाणी केशाकर्षणाने वर ओढलं जातं. कोरडी म्हणून हिणवलेली वाळू म्हणजे चक्क पंप निघते! बाईचे वासे का कुजत होते तेही इथेच कळतं, पण हे आबे मुद्दाम सांगत बसत नाही. आणि गावकऱ्यांचा खरा हुकूम पाण्यावर होता. तो आता संपला.

पुढे बाई आजारी पडते, तिला दवाखान्यात नेतात आणि घाईत शिडी तशीच लटकत राहते. मास्तर वर चढतो, समुद्र बघतो, आणि खाली येतो. पळणं काय, कधीही जमेल. आधी या पाण्याबद्दल कोणालातरी सांगायला हवं, आणि ते समजू शकतील असे लोक म्हणजे हेच गावकरी.

बरेच समीक्षक याला पराभव म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. रात्री दोन वाजता प्रोजेक्टचं सर्किट एकदाचं चाललं की आपण आधी शेजारच्या खोलीचं दार वाजवतो, मग तिथला मुलगा आपल्याला आवडो न आवडो. मास्तरला त्याच्या शहरातल्या शाळेत असा एकही शेजारी नव्हता. तरी शिडी समोर असताना माणूस उतरतो हे वाचून पोटात गोळा येतो, तोही खराच.

१९६४ मध्ये तेशिगाहारा या दिग्दर्शकाने तिच्यावर सिनेमा काढला. पटकथा आबेचीच. कानला त्याला ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळालं. आबे मात्र यंत्रांतच रमत राहिला. वर्ड प्रोसेसरवर कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या जपानी लेखकांपैकी तो एक. गाडी जॅकने न उचलता बर्फात चाकाला लावता येईल अशी साखळीही त्याने तयार केली, आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांच्या प्रदर्शनात तिला रौप्यपदक मिळालं. १९९३ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी नोबेल मिळालेल्या केंझाबुरो ओए यांनी सांगितलं की आबे असता तर हा मान त्याचा होता.

कादंबरीच्या शेवटच्या पानावर कोर्टाचा कोरडा निकाल आहे : १८ ऑगस्ट १९५५ पासून सदर इसम बेपत्ता. पुस्तक वाचून झालं की ते पान पुन्हा उघडा आणि त्याच्या पाण्याचं पुढे काय झालं असेल ते मला मेसमध्ये येऊन सांगा. आमच्या विंगमध्ये यावर दोन तट आहेत.