गर्भाशयनिर्हरणानंतरची मनोवस्था

गर्भाशय काढल्यानंतर रुग्णा आपल्याकडे येते ती बहुधा कंबरदुखी, मलावष्टंभ वा निद्रानाशाची तक्रार घेऊन. भाईंदर येथील आमच्या चिकित्सालयात अशीच एक त्रेचाळीस वर्षांची भगिनी आली. आम्ही अपानवायूची दुष्टी मानून अनुलोमन दिले, अभ्यंग सांगितला. तिसऱ्या भेटीत, उठता उठता, तिने विचारले, "डॉक्टर, पिशवी काढल्यावर बाई बाईच राहते ना?" पहिल्याच दिवशी आम्ही विचारावयास हवे होते, ते तिला स्वतःहून बोलावे लागले.

मग डिस्चार्ज कार्ड मागविले. दोन्ही बीजकोशही काढलेले होते! बीजकोश राखले असता पाळी थांबते, परंतु इस्ट्रोजेनची निर्मिती चालू राहते. दोन्ही काढले असता ते एकाएकी घटते आणि अंगातून वाफा, चिडचिड, उदासी यांचा मारा एकदम होतो. कागद पाहिल्यावाचून चिकित्सा आरंभू नये. अशा रुग्णेच्या हाडांचा आणि संप्रेरक-चिकित्सेचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच सोपवावा.

प्रत्येकीस विषाद होतो असे नव्हे. गाठींच्या रक्तस्रावातून सुटलेल्या कित्येक जणी समाधानी असतात. शस्त्रक्रिया का केली हे जिला उमगलेच नाही, तिची गोष्ट निराळी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्यांत मनाचा रकाना कोठे आहे?

रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादास अग्रस्थान दिले आहे, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. सत्त्वावजयाचा आरंभ दोन साध्या प्रश्नांनी करावा: गेल्या दोन आठवड्यांत मन सतत खिन्न असते काय? आवडीच्या गोष्टींतील गोडी गेली आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास सविस्तर बोलावे. जीव नकोसा झाल्याचे शब्द आले तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. चालू मानसोपचाराची गोळी आपण परस्पर बंद करू नये. थायरॉइडच्या वा झोपेच्या गोळ्या चालू असता अश्वगंधा विचारपूर्वक द्यावी. औषधालयचालकांनीही, झोपेचे चूर्ण वारंवार नेणाऱ्या भगिनीस वैद्यांकडे धाडावे.

त्या भगिनीस आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत पाठविले आणि पुढील भेटीस पतीस बोलाविले. त्या गृहस्थांनाही आजवर कोणी काही समजावून सांगितलेले नव्हते.